गुणाबाईचं विरजण

रविकांतला आपल्या अकलेचा लई अभिमान होता. आता विषय निघाला की तोच आधी हसतो. नांदेडला पीएच.डी. करत होता, अन् तीही दह्यावर! दह्यातला जिवाणू एकाच जातीचा असला तरी घरोघरी त्याचे वाण वेगळे. सख्ख्या भावांसारखे, तोंडवळा एक पण जनुकांत थोडा थोडा फरक. तो फरक शोधायला हा पठ्ठ्या उमरीजवळच्या आपल्याच गावात वाट्या घेऊन दारोदार हिंडला. प्रत्येक दारात विचारायचा, "मावशी, विरजण कुठलं?" कुणी म्हणायची जावेचं, कुणी म्हणायची माहेरचं.

स्वतःच्या घरी मात्र विचारलंच नाही. आईच्या, म्हणजे गुणाबाईच्या, दह्याबद्दल साहेबांना सगळं ठाऊक! आजीपासून चालत आलेलं, एक दिवस खंड नाही.

तपासणीत गावातली बाकी सगळी दही जवळची भावंडं निघाली, आईचं तेवढं निराळं. झालं, गडी हवेत! "आमच्या घराण्याचं दुर्मीळ वाण," असं विभागात सगळ्यांसमोर छाती फुगवून सांगितलं. अख्खा प्रबंध त्याच वाणावर उभा केला.

मार्गदर्शक उज्वला मॅडमनी ती जनुकं बाजारातल्या दह्यांशी ताडून पाहिली. "रविकांत, तुमचं घराणं दुकानात डब्यात मिळतं हो. दोन्ही वाण तंतोतंत एकच आहेत."

प्रबंध कोसळला. तोंड पाडून रविकांत गावी आला.

"माय, खरं सांग, ते दही विकतचं होतं?"

"हाव. तू येणार म्हणलास, मग उमरीहून डबा आणवला."

"अन् आपलं विरजण?"

"ते कवाच संपलं. तुझा बाप गेल्यावर एकटीसाठी रोज कुठं दही लावू?"

"मग मला सांगायचं न्हाई का?"

"तू कवा इचारलंस? साऱ्या गावाला इचारत हिंडलास."

रविकांतला प्रबंधाचं काही वाटेनासं झालं. तो उठला, शेजारच्या सुमनबाईकडून वाटीभर विरजण आणलं, दूध तापवून स्वतः दही लावलं. घाई नडली, दूध गरमच होतं. सकाळी पाहतो तर दह्याच्या पंडिताचं दही फुटलेलं, नुसतं पाणी.

गुणाबाईनं तेच भाकरीवर ओतून घेतलं.

"ब्येस झालंय," ती म्हणाली, अन् उरलेलं एक चमचा उद्याच्या विरजणासाठी झाकून ठेवलं.