दहा बाय बाराची रेल्वे

कट्टा गावच्या बाजारात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळलेला पंप घेऊन आलेलं गिऱ्हाईक बाकावर टेकलं की पाच मिनिटांत विचारतं, "काय रे प्रकाश, आबांच्या रेल्वेचा काय झाला?" मग मी एक किस्सा सांगतो. पुढच्या पंपाला दुसरा. असे ते साठत गेले. एका माणसाने केलेला मूर्खपणा लोक विसरतात. चौघांनी मिळून, रोज चारच्या चहाला जमून, वर्षभर केलेला विसरत नाहीत.

चौघे म्हणजे कोण ते आधी सांगतो. आबा सावंत, हायस्कूलचे निवृत्त चित्रकला शिक्षक. रेल्वे त्यांची, पडवीतली खोली त्यांची. दुसरे बापू परब, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. तिसरा भिवा मेस्त्री, जन्मभर देवगडला होड्या बांधल्या आणि आता लेकीकडे कट्ट्याला राहतो. चौथा मी, वायरिंगवाला. आबांच्या बायकोला आम्ही काकी म्हणतो. त्या आमच्यात कधीच नव्हत्या. त्यांना अक्कल होती.

*

सुरुवात पुण्याच्या लेकीने केली. तिने आबांना वाढदिवसाला खेळण्यातली रेल्वे पाठवली, इंजिन बोटाएवढं. आबांना मोतीबिंदू. एक डबा रुळावर चढवायला पंधरा मिनिटं लागायची, आणि चढला की नाही ते दुसऱ्याला विचारावं लागायचं. एकदा एक डबा हरवला, तो काकींना तांदूळ निवडताना सुपात सापडला.

"माका दिसात असली गाडी होई," आबा म्हणाले, आणि त्यांनी मिळते त्यातली सगळ्यात मोठ्या मापाची मागवली.

खोकी आली. इंजिन माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. डबे त्याहून मोठे. आम्ही चौघांनी ते हातात घेऊन, उलटं करून, चाकं फिरवून पाहिलं. खोली कोणी मोजली नाही. तीस वर्षं मुलांना प्रमाणबद्ध चित्र शिकवलेला माणूस त्या चौघांत होता.

खोली दहा बाय बारा. त्यात भाताची कणगी, एक कपाट, आणि कोणीही बाहेर काढायला तयार नसलेलं जुनं शिलाई मशीन. उरलेल्या जमिनीवर कसंबसं चार फुटांचं वर्तुळ बसलं. इंजिन आणि तीन डबे जोडले तर गाडी सात फूट. म्हणजे अर्ध्याहून जास्त रूळ गाडीच्या पोटाखालीच. मी बटण दाबलं. इंजिन शेवटच्या डब्याच्या मागे लागलं आणि सुटलंच.

भिवाने बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "ही जाता खंय? आपल्याकच भेटूक?"

*

बापूंची नोकरी पार्सल ऑफिसातली. आंब्याच्या पेट्यांवर शिक्के मारले. इंजिनात पाय ठेवला नाही. पण बोलायला लागले की वाटावं, डोंगर यांनीच फोडले. एकेरी रुळावर समोरच्या गाडीला आधी जाऊ द्यायला थांबायचं, त्याला 'क्रॉसिंग' म्हणतात, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे आमच्या रेल्वेचा नकाशा काढून आणला. अकरा बोगदे, चार पूल, पाच स्टेशनं.

आबा म्हणाले, "बापू, टेबल आठ फुटांचा होतला."

"टेबल नाय आबा, तुझी नजर आठ फुटांची आसा."

दोन आठवडे वाद झाला. बोगदे अकराचे तीन झाले, तिनाचा एक झाला, तोही पुठ्ठ्याचा. स्टेशन एकच उरलं. आबांनी पिवळ्या पाटीवर काळ्या रंगात सुंदर अक्षर काढलं, 'वालावल'.

बापूंचा चेहरा उतरला. "वालावलीक रेल्वे खंय आसा?"

"नाय."

"मगे?"

"माझा आजोळ ता. लहानपणी थयसून चालत येवचा लागा. पाय दुखत," आबा म्हणाले, आणि काना रंगवत राहिले.

बापूंनी पुढचे आठ दिवस त्या स्टेशनाचा उल्लेख 'अनधिकृत बांधकाम' असा केला. ऑफिसातली भाषा त्यांना रागातच आठवते.

*

टेबल भिवाने केलं. या माणसाने आयुष्यात सरळ रेघ मारलेली नाही, त्याला तशी गरजच पडली नव्हती. टेबलाची दोन्ही टोकं हळूच वर उचललेली, मध्ये पोट. फळ्यांच्या फटी कापसाने आणि राळेने बुजवलेल्या. खालून तेलाचे दोन हात.

मी विचारलं, "मेस्त्री, खालून तेल कित्याक?"

"पाणी येवक नको."

पडवीतल्या बंद खोलीत, जमिनीपासून तीन फुटांवर पाणी कुठून येणार, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. रूळ टाकले. डबे कुठेही ठेवले तरी सावकाश घरंगळत मध्यभागी येऊन थांबायचे. बापू म्हणाले की याला ग्रेडियंट म्हणतात. मी दुकानातून लेव्हल आणली, बुडबुडा नळीच्या एका टोकाला जाऊन चिकटला.

भिवाने लेव्हल हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. "टेबल सरळ आसा. जमीन बघ तुमची."

मग आम्ही जमीन तपासली. खरंच तपासली. दोन दिवस गेले त्यात.

*

टेबल आत बसल्यावर कळलं की दरवाजा आत उघडतो. उघडायचा. आता तो वीतभर सरकून टेबलाला थडकत होता. भिवा बारीक आहे, तो फटीतून बाहेर आला. बापू नाहीत. बापू आतच राहिले आणि आम्ही दार बिजागऱ्यांतून काढेपर्यंत आतून सूचना देत होते.

तरी रूळ दारावरून जात होते. मग दारापुढच्या भागाला उचलायची फळी केली. गाडी चालू असली की फळी खाली, म्हणजे येणाऱ्याने वाकून खालून यायचं.

पहिल्याच दिवशी काकी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. आबा म्हणाले, "वाईच वाकान ये गो."

काकींनी फळीकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. "माझ्या घरात मी वाकान येवचंय नाय," म्हणाल्या, ट्रे फळीवर, रुळांवर ठेवला आणि निघून गेल्या.

आबांना ट्रे दिसला नाही. मला दिसला, पण माझा हात स्विचवर जाईपर्यंत गाडी वळणावरून आली होती. मोठ्या मापाच्या इंजिनाला ताकद असते हे मान्य केलं पाहिजे. त्याने ट्रे फूटभर ढकलत नेला आणि चारी कप प्लॅटफॉर्मवर उपडे केले.

आबा आतल्या दिशेने म्हणाले, "चाय सांडली गो."

आतून उत्तर आलं, "दूध संपला."

*

मुंबईचे एक गृहस्थ किनारा बघायला आले होते. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांच्या कुठल्याशा मंडळातले. कोणीतरी त्यांना आमच्याकडे पाठवलं. पांढरी टोपी, खिशात टेप, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. फळीखालून आले, उठताना डोकं आपटलं, आणि त्याचा राग बहुधा शेवटपर्यंत गेला नाही.

इंजिनाचा रंग चुकीचा आहे, म्हणाले. स्टेशनावरची माणसं डब्यांच्या मानाने बुटकी आहेत, म्हणाले. लांब डबे एवढ्या लहान वळणावर चालवायचे नसतात, ते बाहेर झुकतात, म्हणाले. ते खरंच झुकत. आमचा स्टेशन मास्तर रोज त्यामुळे आडवा व्हायचा. मग त्यांनी आबांनी केलेल्या माडाला टेप लावली.

"या स्केलला हा बावीस फूट होतो. माड चाळीस फुटांचा तरी हवा."

भिवा कोपऱ्यातून म्हणाला, "सिंगापुरी आसा तो."

आमच्याकडे बुटक्या माडाला सिंगापुरी म्हणतात. गृहस्थांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी "अच्छा, अच्छा" म्हणत वहीत लिहून घेतलं.

जाताना ते दारात थांबले. म्हणाले, "रागावू नका, पण एवढ्या जागेत या मापाची गाडी गोल फिरवू नये. भिंतीला दोन फूट रुंदीची फळी लावा. छोटं इंजिन, तीन उघडे डबे, एक सायडिंग, म्हणजे डबे उभे करायला बाजूचा रूळ. फक्त शंटिंग करा, डबे जोडा, सोडा, पुढेमागे लावा. दिवसभर पुरेल."

महिनाभर आम्ही त्यांची टोपी, टेप आणि 'अच्छा, अच्छा' यांची नक्कल केली. फळीबद्दल कोणी बोललं नाही. पुढे आम्ही तेच केलं, तेव्हा ती आमचीच कल्पना होती असं चौघांनाही आठवत होतं.

*

मार्च आला. काकी दारात उभ्या राहिल्या, फळीच्या अलीकडे. "आंबे उतरूक लागतले. खोली माका होई."

दरवर्षी त्या खोलीत गवत पसरून आंबे पिकायला घालतात. यंदा खोलीत होडी होती.

आबांनी एक दिवस विचार केला आणि भिवाला करवत आणायला सांगितली. भिवाने टेबल कापलं. त्यातून दोन फूट रुंदीच्या दोन फळ्या निघाल्या, त्या छातीच्या उंचीवर दोन भिंतींना लावल्या. खाली आंबे, वर रेल्वे. लांब डबे खोक्यात गेले. एक लहान इंजिन आणि तीन उघडे डबे राहिले.

बापू संध्याकाळी आले. पाहिलं. "गाडी गोल फिरत नाय, ती कसली गाडी? ह्या कपाट झाला," म्हणाले आणि गेले ते आलेच नाहीत.

दोन महिने. रोज चारला माझ्या दुकानासमोर एसटीच्या थांब्यावर बसायचे, तोंडासमोर पेपर. कुठलीच एसटी त्यांना नको असायची. इकडे आबा इंजिन चार फूट पुढे न्यायचे, चार फूट मागे आणायचे, आणि बसून राहायचे. चौथा चहा काकी सवयीने करायच्या. तो तसाच थंड व्हायचा.

एके दिवशी आबा स्वतःच थांब्यावर आले. मी दुकानातून पाहत होतो. नमस्कार नाही, चौकशी नाही. बापूंच्या पेपरसमोर उभे राहून म्हणाले, "तीन डबे आसत. सायडिंगात दोनच मावतत. मधलो डबो पुढे येवक होयो. कसो काढूचो?"

पेपर हलला नाही. मागून आवाज आला, "इंजिन खंयच्या बाजूक?"

"डाव्या."

पेपर खाली आला.

बापू 'पाच मिनिटांसाठी' आले. आबांच्या हातात स्विच, बापूंची दोन बोटं हवेत. "पुढे. थांब. सोड. मागे… हळू. जोड." एक शब्द जास्त नाही. चार मिनिटांत मधला डबा सगळ्यांच्या पुढे उभा होता. पार्सल ऑफिसाच्या खिडकीतून त्या माणसाने तीस वर्षं हेच पाहिलं होतं, आणि आमच्यापैकी कोणीही त्याला हे कधी विचारलं नव्हतं.

मला जरा वाईट वाटलं. वर्षभर मेहनतीने जमवलेली थट्टा थोडी वाया गेली.

*

बापू परतल्यावर आठवड्याभरात म्हणाले की रूळ दोन वाटांना फुटतात त्या सांध्याच्या पलीकडे फळी दीड फूट कमी पडते. इंजिन आणि तिन्ही डबे एकदम मावत नाहीत. पलीकडे भिंत होती. भिंतीपलीकडे काकींचं स्वयंपाकघर.

काकी भाचीच्या लग्नाला चार दिवस देवगडला गेल्या होत्या.

चिऱ्याची भिंत कापायला सोपी. भिवाने एका सकाळीत कमानदार भोक पाडलं. पलीकडे रूळ थेट काकींच्या मांडणीवर गेले, मिठाची बरणी आणि मसाल्याचा डबा यांच्या मधून. गाडी आत जायची, दिसेनाशी व्हायची, आणि परत यायची. आम्हाला फार आनंद झाला. काकींना काय सांगायचं हे आबा बघतील, असं तिघांनी ठरवलं. आबांनी ते बापूंवर सोपवलं होतं.

काकी आल्या. स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर आल्या, पिशवी रिकामी केली, आणि जेवण करायला लागल्या. आबांशी दोन दिवस एक अक्षर बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी चारला आम्ही बसलो होतो. चहा आलेला नव्हता. आतून नारळ खवल्याचा आवाज येत होता. बापूंनी स्विच घेतला आणि तीन डबे लावून गाडी आत सोडली.

खवण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

बापूंनी गाडी मागे घेतली. दोन डबे आले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भिवा म्हणाला, "सुटलो असतलो वाटेत." बापूंनी पुन्हा गाडी आत पाठवली. आवाज थांबला. सुरू झाला. एक डबा आला.

"आबा, बघून ये."

"तू बघ. गाडी तू चलवतंस."

बापूंनी तिसऱ्यांदा पाठवली. इंजिन एकटंच परत आलं. का कोण जाणे, बापूंनी ते एकटं इंजिनही आत सोडलं. आवाज थांबला. बापूंनी स्विच मागे फिरवला. पुढे फिरवला. वायर माझी होती म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. वायर ठीक होती. भोकातून काहीच आलं नाही. फक्त खवण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आबा उठले. लुंगी नीट केली आणि आत गेले.

आवाज थांबला तो बराच वेळ थांबला. बोलणं काही ऐकू आलं नाही. भिवा तर भोकाला कान लावून बसला होता. मग खवणं पुन्हा सुरू झालं, पण अडखळत, मध्ये मध्ये थांबत, एखादं नवखं माणूस खवतं तसं.

अर्ध्या तासाने आबा बाहेर आले. दोन्ही हातांना खोबरं लागलेलं, एका बोटाला चिंधी गुंडाळलेली. आपल्या जागेवर येऊन बसले.

बापूंनी हळूच विचारलं, "गाडी खंय आसा?"

आबांनी लुंगीला हात पुसले.

"क्रॉसिंगाक थांबली आसा."