माझ्या पायाची भरपाई

डॉक्टरसाहेबांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "फीमरच्या नेकला फ्रॅक्चर आहे." फीमर म्हणजे मांडीचं हाड, आणि ते कमरेच्या खोबणीत शिरतं तिथली त्याची मान म्हणजे नेक, हे त्यांनीच समजावून सांगितलं. फ्रॅक्चर म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी विचारलं, "हा पाय कोणी चोळत होतं का?"

सासूबाई माझ्या उशाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. तिळाच्या तेलाचा वास खोलीभर पसरला होता.

"पडलात तेव्हा मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसली होती," डॉक्टर म्हणाले. "याला इम्पॅक्टेड फ्रॅक्चर म्हणतात. नुसतं निजवून ठेवलं असतं तर फार बरं झालं असतं. चोळल्यानं, ओढल्यानं ती सुटली."

"आता जुळंल का?" मी विचारलं.

"प्रयत्न करू. आज सांगता येत नाही."

हे लिहायला बसले ती एवढ्यासाठी, की तुमच्याही घरी उद्या कुणी पडेल, आणि तेव्हा सगळेजण मायेनं धावून येतील. ती माया जरा आवरून धरायची असते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी माहेरी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्या बळावर सांगते.

मी पडले ती आमच्या मेडशी गावातल्या तेलाच्या दुकानात. लढाईचे दिवस होते, घासलेट मिळत नव्हतं. दिव्यालाही जवसाचं तेल लागायचं, त्यामुळे बाजाराच्या दिवशी शेटजींच्या दुकानात बायकांची रीघ. आमच्याकडे एक रीत होती. माप रिकामं झालं की शेटजी ते उलटं धरून ठेवायचे, आणि तळाचे उरलेले थेंब बाई तळहातावर घेऊन केसांना चोपडायची. हे थेंब सोडणारी बाई मी तरी पाहिली नाही. त्यातले निम्मे केसांना लागत, निम्मे फरशीवर पडत. वर्षानुवर्षं ती फरशी अशी तेल पीत आली होती.

माझा पाय सरकला आणि मी कमरेवर आपटले. बायका हसल्या, मीही हसले. उठवेना, तेव्हा मात्र हसू जागच्या जागी राहिलं. शेटजी खरोखर घाबरले. त्यांनी घाण्यावरून ताज्या तिळाच्या तेलाची बाटली भरून दिली. "लचक भरली असंन," ते म्हणाले. "कोमट करून चोळा. हे माह्याकडून." पहिली भरपाई ती, म्हणायला हरकत नाही.

पाय थोडाफार टेकवता येत होता, म्हणून सगळ्यांना लचकच वाटली. सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ चोळायच्या. मी ओरडले की त्या म्हणायच्या, "दुखू दे वं माय, दुखलं म्हंजे उतरून राह्यलं." मग एके सकाळी त्यांनी टाच धरून पाय ओढला आणि आत कुठंतरी कट्‌ वाजलं. माझं पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं. ते सरळ करायचं मी किती मनात आणलं, पण ते माझं ऐकेना.

पातुरचा घाट उतरून अकोल्याला गेलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटर होती, चढ आला की उतारूंना खाली उतरवायची. मला कोण उतरवणार? मी आत एकटी, खाली सगळे ढकलतायत, आणि प्रत्येक खड्ड्याला माझा जीव कंठाशी.

दवाखान्यात आधी ट्रॅक्शन लावलं. ट्रॅक्शन म्हणजे पायाला पट्टी बांधून, दोरी चाकावरून सोडून, खाली वाळूची पिशवी टांगायची. विहिरीवर मोट असते तसा माझा पाय. मग प्लास्टर आलं. बरगडीपासून बोटांपर्यंत चुन्यासारखं पांढरं कवच. आत खाज सुटली की फणी हातात घेऊन नुसतं कवचाकडे पाहायचं. नैसर्गिक विधीला निजल्या जागी भांडं द्यायचे, त्याला बेडपॅन म्हणतात. पहिल्या दिवशी मी लाजेनं रडले, पुढे सिस्टरला हाक मारायला लाज वाटेनाशी झाली. तुम्हालाही वाटेनाशी होईल.

दुखण्याचं एक बरं असतं, ते कुठं आहे ते कळतं. भीतीचं तसं नाही. डॉक्टर सकाळी यायचे, पायाची बोटं हलवून पाहायचे, "ठीक" म्हणून पुढच्या खाटेकडे जायचे. ठीक म्हणजे काय ठीक? जुळतंय की नुसतीच बोटं हलतायत? विचारायला तोंड उघडावं तोवर ते पुढे गेलेले असत.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, एकदा भेटायला आले ते स्टुलावर बसून जमिनीकडेच पाहत राहिले. मी म्हटलं, "काय झालं? बोला ना."

"पंच बसले होते," ते म्हणाले. "शेटजी दवाखान्याचा खर्च देतो म्हनून राह्यले."

"मंग बरंच हाय."

"अन् पाय जुळला नाही तं..." ते थांबले. "तं माह्या दुसऱ्या लग्नाचा खर्चबी देतो म्हनते. घरातली बाई गेली, तिची भरपाई. पंचायले पटलं."

घरातली बाई गेली! मी खाटेवर जिवंत पडले होते, दोन्ही वेळा जेवत होते. मी विचारलं, "तुमाले पटलं?"

"मी काई बोललो नाही."

ते गेल्यावर मी कवचावर डोकं आपटावं तर डोकंही तिथवर पोचत नव्हतं. सवत येणार की नाही, हे आता त्या हाडाच्या हाती होतं. पाय जुळला तर काही झालंच नाही. नाही जुळला तर नवऱ्याला बायको. माझं जे दुखलं, ते दोन्हीकडे कुठंच धरलेलं नव्हतं. त्यानंतर मला झोप अशी लागलीच नाही. डोळा लागला की घरात बांगड्या वाजल्यासारखं वाटायचं आणि मी दचकून जागी व्हायची.

प्लास्टर कापलं तेव्हा आतला पाय पाहून मला शिसारी आली. काटकीसारखा, सालपटं निघालेला. दुसऱ्या एक्स-रेनंतर डॉक्टर म्हणाले, "युनियन झालं आहे." युनियन म्हणजे हाड सांधलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मग ते म्हणाले, "पण शॉर्टनिंग राहील." म्हणजे पाय आखूड. "चालाल. लंगडत चालाल."

मी काय करू? हसू की रडू? पंचांनी जुळला किंवा नाही जुळला, एवढंच धरलं होतं. लंगडीचं काय, ते ठरलंच नव्हतं.

घरी आल्यावर पंच पुन्हा चावडीवर बसले. मला चालून दाखवायला सांगितलं. गुरांच्या बाजारात चालवून पाहतात तसं. मी काठी टेकत त्यांच्या समोरून गेले आणि परत येऊन खाली बसले.

"लंगडते तं हाय," थोरले पंच म्हणाले. "निंदन-वेचन काय होते हिच्यानं? शेटजी, लग्नाचं द्या बापा."

शेटजी तयार होते. त्यांची दानत खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "दुखलं मले, अन् लगन यांचं कायले?"

बाईनं पंचांपुढे बोलायची रीत नव्हती. शेटजी ओशाळले आणि मग चिडले. "पडली माह्या दुकानात, मी कवा नाही म्हनलो?" ते म्हणाले. "पन डॉक्टर म्हनला, हाड हललं ते चोळून. मंग सारं माह्याच डोक्यावर काहून?"

सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या. आता ही म्हातारी म्हणेल की मी नाही चोळलं, किंवा म्हणेल की लगन होऊन जाऊ द्या. घरात आणि कपाशी वेचायला दोन हात कमी पडत होते, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्या गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"म्या चोळला," त्या म्हणाल्या. "मायेनं चोळला, पन हलवला म्याच. शेटजीनं त्याच्या फरशीचं द्यावं. माह्या हाताचं मी देतो. मी जित्ती हाओ तोवर माह्या सुनेवर सवत येनार नाही. तिच्या वाटची पऱ्हाटी मी वेचीन."

थोरल्या पंचांनी शेटजींकडे पाहिलं, शेटजींनी कनवटीची थैली सोडली आणि दुखण्याचे म्हणून रुपये पुढे केले. पंचांनी ते उचलून आमच्या मालकांपुढे धरले. रीतीनं ते त्यांचेच होते.

आमच्या मालकांनी हात मागे घेतला. "मले नाही," ते म्हणाले. "तिले द्या."

माझा पाय आजही आखूड आहे, थंडीत ठणकतो. सासूबाईंनी त्या सालची माझ्या वाटची पऱ्हाटी खरोखर वेचली, वाकून वाकून त्यांची कंबर धरली, आणि मी ती चोळायला बसले तर मला हाकलून दिलं. तुमच्या घरी कुणी पडलं तर आधी दवाखाना गाठा, चोळू नका. आणि भरपाई ठरवायला चार लोक बसतील, तेव्हा ज्याचं दुखलं त्याला जवळ बसवा.

त्या दिवशी रुपये माझ्या पदरात पडले. सगळे बघत होते. मी काठी खाली ठेवली, दोन्ही हातांनी पदराला गाठ मारली, आणि मग उठले.