अक्काची डोंगरातली मिरची

अक्का कोडैकानलहून आली ती मांडीवर कुंडी घेऊन. कुंडीत मिरचीचं झाड. पानांवर लव, फूल जांभळं. डोंगरात ही मिरची उघड्यावर वाढते, थंडीत इतर मिरच्या माना टाकतात तेव्हाही हिरवीगार असते. आमच्या कुंभकोणात उन्हाळ्यात माणसंच कशीबशी तग धरतात.

अक्का माझी थोरली बहीण. तिचा मुलगा आणि सून दिवसभर दुकानात, आणि तिच्या गुडघ्यांना डोंगरातला चढ सोसेना. म्हणून मुलानं तिला काही महिने माझ्याकडे राहून बघायला पाठवलं. तिनं उंबऱ्यावरच सांगून टाकलं, "झाड जगून मिरची धरली तर राहते. मेलं तर ते आणि मी, दोघं परत."

"मेलेलं झाड कशाला नेतेस?"

"कुंडी माझी आहे."

मला ती राहायला हवी होती. कारण साधं आहे. दाराबाहेर तमिळ, बाजारात तमिळ, माझी मुलंसुद्धा फोनवर तमिळच बोलतात. आमचे हे गेल्यापासून घरात आपली मराठी बोलायला कोणी नव्हतं. भिंतीशी किती बोलणार? आणि भिंत भांडतही नाही.

कुंडी मी परसात, विहिरीजवळ नारळाच्या सावलीत ठेवली. भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. तांदळाचं धुवण घालत राहिले. अक्का पायरीवर बसून बघायची.

"अगे, मिरची आहे ती, बाळंतीण नव्हे."

"तू गप्प बस. तुलाही गुंडाळीन."

उन्हाळ्यात फुलं येत आणि गळत. सकाळी झाडाखाली जांभळा सडा. अक्का म्हणे, रात्र गार झाल्याशिवाय ही फळ धरत नाही, आणि तुझ्या गावात रात्रसुद्धा उकळते. तिनं आपली बॅग पलंगाखाली भरूनच ठेवली होती. केर काढताना मी ती मुद्दाम आणखी आत ढकलायची. पुढं झाड अर्धं वाळलं. मी कात्री घेऊन वाळलेलं सगळं छाटलं. अक्का दोन वेळा जेवली नाही. तिसऱ्या वेळी जेवली, कारण मी वांग्याचं भरीत केलं होतं. पाऊस सुरू झाल्यावर त्याच खुंटांना नवे धुमारे आले.

मग डिसेंबरात मार्गळी महिना लागला. आमच्याकडे थंडी म्हणतात ती या महिन्यात, पहाटे दव पडतं तेवढीच. आमच्या गल्लीतले लोक तेवढ्यावर कानाला मफलर गुंडाळतात, आणि अक्का त्यांना हसायची. एका पहाटे मी दारात रांगोळी घालत होते. मागून अक्का आली. डोक्याला माझा टॉवेल घट्ट बांधलेला, दात वाजत होते.

"काय गं, डोंगराची राणी?"

"हसू नकोस. मागं चल."

परसात तिनं पान उचलून दाखवलं. फूल गळून गेलं होतं आणि देठाला वाटाण्याएवढी हिरवी गाठ. शेजारी आणखी एक. आम्ही दोघी गोणपाटावर वाकून उभ्या राहिलो. कुणी हात लावला नाही.

उजाडल्यावर तिनं मुलाला फोन केला. मला वाटलं, मिरचीचं सांगेल. तिनं विचारलं, "माझी लोकरीची शाल कपाटात आहे का? पाठवून दे. इथं फार गारठा आहे."

मी पलंगाखालची बॅग ओढून बाहेर काढली आणि तिच्या साड्या माझ्या कपाटात लावायला घेतल्या. "नीट घड्या घाल," ती फोन न ठेवताच ओरडली.