दाजी आणि अपुऱ्या दिवसांचे श्वास

"थाळी वाजवू दिली नाही, म्हणून वरंधचे मूल गेले, डॉक्टरला मुलापेक्षा आपला अभ्यास प्यारा होता." महाडच्या बाजारात आजही हे छातीठोकपणे सांगणारे आहेत. त्यांतला एकही त्या दिवशी वरंधला नव्हता. मी होतो, मूल माझे होते.

आमचे डॉक्टर दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुसऱ्याच्या श्वासाची इतकी धास्ती घेतलेला माणूस महाड-पोलादपुरात दुसरा झाला नाही. अपुऱ्या दिवसांची मुले जन्मतात, थोडे श्वास घेतात आणि दमून थांबतात. ती का थांबतात, या एका प्रश्नाने त्यांना पछाडले होते. कोणत्याही वाडीतून अशा मुलाची बातमी येवो, दाजी भरल्या ताटावरून उठत, डोंगर चढत आणि बाळाच्या छातीशी कान लावून बसत. बाळाचा श्वास अडखळला की त्यांचाही अडे. चेहरा असा लालबुंद होई की बाया बाळाला सोडून त्यांनाच वारा घालू लागत. नाते गावच्या लोहाराचा भाता तर त्यांनी बाळाचे फुप्फुस समजून वेठीस धरला होता. ते भात्यालाच सांगत, "पुरता मिटू नकोस रे, थोडी हवा आत राहू दे. पार चिकटला की उघडायला बघ किती जोर लागतो!" लोहार वैतागे, "डाक्टर, भाता हाय हा, पोर नाय!" दाजी उसासत, "तेच तर. तुझा भाता दमत नाही."

माझा मुलगा दिवस भरण्याच्या फार आधी जन्मला. रडेना. सुईण ओरडली, "थाळी बडवा गो, पोराला जाग येऊ दे!" दाजींनी तिच्या हातून काशाची थाळी काढून घेतली, हे खरे. परंतु त्या गोंगाटात श्वास थांबलेला कळला कसा असता? तो थांबे, तेव्हा दाजी पाठ चोळत, तळव्यांना टिचक्या मारीत, आणि तो पुन्हा सुरू होई. दुपारपर्यंत कितीदा तरी त्यांनी त्याला असे परत आणले. मग एकदा तो आला नाही. दाजी मात्र छातीवरचा कान काढीनात. शेवटी मीच त्यांना हाताला धरून उठवले.

पुढे बाजाराने दाजींना बोल लावला. भांडणे हा माझा स्वभाव, त्यांचा नव्हे. म्हणून एवढेच सांगतो. पुढच्या खेपेला माझ्या पत्नीला पुन्हा आधीच कळा लागल्या. मी त्याच सुईणीकडे धावलो, तेव्हा तिनेच मला दारात थांबवले आणि ती म्हणाली, "आधी डॉक्टरांना आणा."