कार्बनच्या नळ्या
नातीसाठी काजळ धरताना एरंडेलाच्या धुराचा वास आला आणि धारूरच्या सासरचं स्वयंपाकघर आठवलं. गावात एसटीडीचा बूथ नुकताच आला होता तेव्हाची गोष्ट. औरंगाबादेत शिकणारे माझे धाकटे दीर बैठकीत सासऱ्यांना सांगत होते, "आबा, काजळीत कार्बन असतो ना, त्याच्याच पोकळ नळ्या निघाल्यात. केसाहून हजारो पट बारीक, पन पोलादाहून चिवट. त्यातून वीज बी जाते. पुढं लई हलकी विमानं करतील त्याची." मी दाराआड ऐकत होते. एवढी बारीक नळी आतून पोकळ आहे, हे कुणी कसं पाहिलं? विचारल्यावाचून राहवेना. पण सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नसतं, म्हणून दिरांनी आत यावं यासाठी मी बांगड्या वाजवल्या. सासरे तिथंच कडेला बसलेल्या सासूबाईंना म्हणाले, "चहा झाला वाटतं, घिऊन ये." सासूबाई आत आल्या, रिकामी चूल पाहून म्हणाल्या, "कावून गं, नुसत्याच वाजीवल्यास?" मी चहाचं आधण ठेवलं. त्या कप घेऊन गेल्या तोवर बोलणं शेतातल्या बोअरवर गेलं होतं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. दीर आले की आता मीही बैठकीत बसते. पण काही विचारावंसं वाटलं की माझी मीच उठते, आत जाते आणि चहाचं आधण ठेवते.