वाळवीने मोकळी केलेली जागा

काल नातसुनेच्या बाळासाठी वेखंड आणायला काष्ठौषधीच्या दुकानात गेले. दुकानदाराने डबा उघडला आणि तो उग्र, कडवट वास नाकात शिरला. इतर बायकांना या वासाने बाळंतिणीची खोली आठवत असेल, न्हाऊन झोपलेलं तान्हं आठवत असेल. मला राग येतो. या वयातही तळपायाची आग मस्तकात जाते. माझं तोंड बघून दुकानदार म्हणाला, "आजी, किडकं लागलं का? दुसरं देऊ का?" त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! मी पुडी घेतली आणि घरी आले. पण दिवसभर मी घरातल्यांशी तुटक बोलत होते, आणि सून नातसुनेला हळूच म्हणत होती, "आज आत्याबाईंना काय झालंय कोण जाणे."

झालं ते फार जुनं आहे. मी केम गावाकडून लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा आमचं बिऱ्हाड गिरणीजवळच्या चाळीत होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, आणि दिवस उगवायचा तो गिरणीच्या भोंग्यावर. घरात थोरली जाऊ होती. तिला मी अक्का म्हणायची. तिचा नवरा म्हणजे माझे थोरले दीर, ते गिरणीत कारकून. त्यांच्यापुढे मी कधी मान वर केली नाही. भावजी पडवीत असले की मी स्वयंपाकघरात, असा त्या काळचा रिवाज. अक्काचे वडील नातेपुत्याकडच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे ती लिहायला-वाचायला शिकलेली. सासरी या विद्येचा उपयोग एवढाच, की वाण्याने साखर बांधून दिलेला कागद ती चुलीत घालण्याआधी वाचून घ्यायची. मी एकदा विचारलं, "अक्का, त्या फाटक्या कागदात काय असतंय ओ?" तर म्हणाली, "काय असतंय ते बघितल्याबिगर कसं कळंल?"

भावजींच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने उतरवलेली एक पोथी घरात होती. देवाच्या भक्तांच्या कथा. सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या आणि त्यावर तांबडा रुमाल. घरातलं सगळं सोनंनाणं एकीकडे आणि ती पोथी एकीकडे. दर चातुर्मासात भावजी ती वाचायला बसत आणि दिवे लागले की चाळीतल्या बायका पडवीत जमत. घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मसाळी विणकरांच्या बायका, मेंढरं विकून शहरात आलेल्या घरातल्या, गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात दिवसभर उभ्या राहून आलेल्या. भावजी वाचायचे म्हणजे काय, रिकामी गाडी हाकायचे! शब्द शब्दावर आपटायचे, देव कुठे आला नि भक्त कुठे गेला काही पत्ता लागायचा नाही. बायका पेंगायच्या, आरती आली की दचकून जाग्या व्हायच्या, प्रसाद घ्यायच्या आणि पुण्य पदरात पडलं म्हणून घरी जायच्या. मला तेव्हाही राग यायचा, पण नव्या नवरीचा राग कोण विचारतो?

या वाचनाचे नियम मात्र कडक होते. एकदा संकल्प सोडला की चातुर्मास संपेपर्यंत एक दिवसही खंड पडता कामा नये. आणि अध्याय सुरू केला की तो संपल्याशिवाय वाचणाऱ्याने पाटावरून उठायचं नाही. तसं झालं तर घराला दोष लागतो. एका वर्षी श्रावणातच भावजींचा घसा बसला. काढे झाले, ज्येष्ठमध झाला, पण आवाज फुटेना. दुसरं कुणी वाचणारं घरात नव्हतं. माझ्या नवऱ्याची गिरणीतली पाळी नेमकी त्या वेळेला. मग नाइलाजाने, घसा सुटेपर्यंत म्हणून, पाटावर अक्काला बसवलं.

अक्का वाचायला लागली आणि पेंगणाऱ्या बायका ताठ बसल्या. तिचा आवाज गोड होता असं नाही, जरा घोगराच होता. पण ती जे वाचायची ते तिला आधी कळायचं आणि मग आम्हाला सांगितल्यासारखं तोंडातून यायचं. तेलुगू बायकांमधली एकजण बाकीच्यांना हळू आवाजात समजावून सांगे, आणि तेवढा वेळ अक्का थांबे. भावजी कधी कुणासाठी थांबले नव्हते.

पडवीच्या उंबऱ्याशी एक बाई बसायची. सूत गुंडाळायच्या खात्यातलीच. पाळीवर जाताना तान्ह्या लेकराला बाळागोळी देऊन झोपवून जायचं, ही तेव्हा घराघरातली रीत. अफू पोटात गेली की पोर गप्प पडून राहतं आणि आईला दोन हात मोकळे मिळतात. हिचं पोर एके दिवशी उठलंच नाही. त्यानंतर ती कामावर जायची, यायची, उंबऱ्याशी बसायची. बोलत मात्र कुणाशीच नव्हती. चाळीतल्या बायका तिच्याकडे बघायचं टाळत. प्रत्येकीच्या घरात गोळ्यांची तीच डबी होती.

एका संध्याकाळी अक्काने पोथीतला खालचा गठ्ठा पुढे घेतला. भावजी आत पडून होते आणि मी समईत तेल घालायला शेजारीच बसले होते, म्हणून मला दिसलं. पानांची चाळण झाली होती! फडताळाच्या ओलसर भिंतीतून वाळवी आली आणि खालून खात खात वर निघाली. ओळीत कुठे एखादा शब्द उरलेला, कुठे तोही नाही. अध्याय तर सुरू झालेला, उठायची सोय नाही. अक्काने पान समईजवळ धरलं. त्या भोकांमधून मला पलीकडची ज्योत दिसत होती. बायका वाट बघत होत्या. अक्का बराच वेळ पानाकडे बघत राहिली, आणि मग वाचू लागली.

ती वाचत होती एका सूत काढणाऱ्या बाईची गोष्ट. तिचा धागा सारखा तुटतो आणि देव म्हाताऱ्याच्या वेशात तिच्याजवळ येऊन बसतो. देवाला गाठ मारता येत नाही, बाई त्याच्यावर खेकसते. बायका हसल्या. पोथी ऐकताना आमच्या पडवीत कुणी हसलेलं मी प्रथमच ऐकलं. आणि मग अक्काचा आवाज खाली आला:

देव म्हणे बाई, दमलीस फार।
उतरव भार, दे ते सूत॥
बाई म्हणे देवा, उशीर केलास।
तुटलेले श्वास, जोड आधी॥

उंबऱ्याजवळून आवाज आला, "अक्का, त्येवढं पुन्यांदा वाचा की." किती महिन्यांनी ती बाई बोलली होती! अक्काने पुन्हा वाचलं. ती बाई रडली, मोकळ्या गळ्याने रडली, आणि शेजारणींनी तिला जवळ घेतलं. त्या दिवसापासून ती बोलायला लागली.

रात्रीची भांडी घासताना मी अक्काला म्हणाले, "पानावर तर काहीच नव्हतं." ती म्हणाली, "व्हय. मी बघत बसले. लई भ्याले. मग आतनं कुनीतरी बोलाया लागलं आन् मी नुसतं ऐकत ऱ्हायले." दिवसा ती कामं करता करता गप्प असायची. तांदूळ निवडताना हात थांबायचा. धड असलेली पानं ती दुपारी पुन्हा पुन्हा वाचायची आणि डोळे मिटून बसायची. मी कधी पाणी भरायला हाक मारली तर "आले" म्हणायची आणि यायची नाही. देव भेटावा म्हणून लोक घरदार सोडून रानावनात जातात. माझ्या जावेला तो वाळवीने मोकळ्या केलेल्या जागेत भेटला. बाई राबते, वाचते, मनाशी घोळवते आणि एके दिवशी तिच्या तोंडून असं काही येतं की मेल्या मनाची माणसं उठून बसतात. याहून वेगळं अध्यात्म कुठे असेल तर मला दाखवा. मी चालत येईन बघायला.

चातुर्मासभर पडवी फुलत गेली. पलीकडच्या चाळीतल्या बायका यायला लागल्या. ते चार चरण सूत गुंडाळायच्या खात्यात कामावर म्हटले जाऊ लागले. भावजींची छाती फुगली: "आजोबांच्या अक्षराचा प्रताप!" घसा केव्हाच सुटला होता, पण पाटावरून अक्काला उठवायची त्यांना घाई नव्हती, गिरणीतले साहेबलोकांचे हेडक्लार्कसुद्धा आता त्यांना थांबवून पोथीबद्दल विचारत. समाप्तीला त्यांनी थाटामाटाने एका पुराणिकबुवांना बोलावलं. बुवा लोडाला टेकून ऐकत होते. अक्का वाचत होती, देव गिरणीच्या दारात उभा आहे आणि भोंगा झाल्यावर बाहेर पडणाऱ्या बायका मोजतो आहे, कोण कमी आली म्हणून. बुवांनी डोळे उघडले.

"बाई, हे कितव्या अध्यायात आहे? पान बघू."

बुवांनी पान उजेडात धरलं. मग ते हसले. ते हसणं मी विसरले नाही. "अहो," ते भावजींना म्हणाले, "तुमच्या घरात तर वाळवी पुराण सांगते!"

भावजी काळेठिक्कर पडले. सगळ्या पडवीसमोर ते अक्काला म्हणाले, "सांग यांना. मी खोटं वाचलं म्हणून सांग." मी दाराआड उभी होते आणि माझी नजर उंबऱ्याकडे गेली. ती बाई अक्काकडे बघत होती. तिला जे मिळालं होतं ते आता तिच्या हातातून काढून घेतलं जाणार होतं, आणि तेही तिला देणारीच्या तोंडून. अक्कानेही तिच्याकडेच बघितलं.

"हे पोथीत न्हाय," अक्का म्हणाली. "मीच केलं. पर खोटं न्हाय."

उंबऱ्यावरची बाई उठली. "मला ठावं हुतं की," ती म्हणाली. "पोथीत कवा भोंगा वाजतोय व्हय? आमा समद्यास्नी ठावं हुतं." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं! अडाणी म्हणून ज्यांच्यापुढे गाडी हाकली जायची, त्या सगळ्याजणी मुकाट्याने तिचं गुपित सांभाळत बसल्या होत्या.

याचा उपयोग काही झाला नाही. बुवांनी शुद्धीसाठी पुन्हा पहिल्यापासून वाचन लावलं. अक्काने पाटाला हात लावायचा नाही असं ठरलं. उरलेली पानं झटकून, उन्हात वाळवून, त्यांच्यात वेखंडाचे तुकडे घालून, पोथी नव्या रुमालात बांधली गेली. फडताळ उघडलं की घरभर तो वास यायचा. कागदाला कीड लागू नये म्हणून केवढी काळजी! बाई वाळत चालली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती भांडली नाही, रुसली नाही. साखरेचे कागद मात्र न वाचताच चुलीत घालायला लागली. माझा रागाने जीव जायचा, तर मलाच म्हणायची, "तू कशापायी तळमळतीस? जेवून घे."

काही वर्षांनी भावजी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. वैद्यांनी हात टेकले. शेवटच्या दिवसांत माणसाच्या कानावर देवाचं नाव पडावं म्हणून पोथी काढली, आणि वाचायला घरात पुन्हा अक्काच होती. ती उशाशी बसली, वाचू लागली. भावजींनी हात हलवून तिला थांबवलं. त्यांचा आवाज ऐकायला मलासुद्धा दारापर्यंत यावं लागलं.

"हे नको," ते म्हणाले. "तुझं म्हण. त्या सूतवालीचं."

अक्काने पान खाली ठेवलं. डोळे मिटले. भावजी तिच्या तोंडाकडे बघत होते, तहानलेलं माणूस बघतं तसे. मग तिने डोळे उघडले, पान उचललं आणि पोथीत होतं तेच पुढे वाचायला सुरुवात केली. भावजींनी मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

मला मनातून बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? चांगली अद्दल घडवली म्हणत मी मनात तिची पाठ थोपटली. दिवसकार्य उरकल्यावर एकदा बोलूनही दाखवलं, "बरं केलंत अक्का, म्हटलं नाहीत ते." तिने माझ्याकडे बघितलं.

"म्हनायचं हुतं गं मला," ती म्हणाली. "त्येंच्यासाटी नवं काय तरी म्हनायचं हुतं. मरनाऱ्या मानसाला शिळं कसं द्यायचं? लई आत बघितलं. आता तितं कुनी बोलत न्हाय."

अक्काला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. काळ सगळ्यावर औषध असतो म्हणतात. गिरणीचा भोंगा गेला, चाळी पडल्या, ती चार चरण म्हणणारी तोंडं मिटली, आणि मलाही हल्ली कालचं आठवत नाही. पण तिने डोळे मिटले आणि आत तिला कुणी भेटलं नाही, ती घटका माझ्या मनातून हलत नाही. नवऱ्याला तिने क्षमा केली असेल, बुवालाही केली असेल; तिचा स्वभावच तसा. राग धरणं तिला कधी जमलं नाही. म्हणून तिच्या वाटणीचा राग मी धरून बसले आहे, आणि माझ्यामागे तो कोण धरील हे मला ठाऊक नाही.