चोर इलो हा गो!

शालूमावशी गेल्याचा फोन आईनेच केला. मी ऑफिसात होतो. "शालू गेली रे... झोपेतच," एवढंच म्हणाली, आणि फोनमधूनच आमच्या दाराची कडी लावल्याचा आवाज आला. तो मला बातमीइतकाच लागला.

मुलुंडच्या या इमारतीत आलो तेव्हापासून आई दिवसभर घरात एकटी. सोसायटीच्या ग्रुपवर कुठे कुणाचं मंगळसूत्र खेचल्याचं आलं, की ती दाराला आणखी एक कडी बसवून घ्यायची. फिरणं थांबलं, मग देऊळही. मला आकड्यांची सवय. सेक्रेटरीला विचारून आलो आणि आईला सांगितलं, इमारत झाल्यापासून एकही चोरी नाही. "म्हणजे आता आपलाच नंबर," ती म्हणाली.

मग विक्रोळीच्या चाळीतून शालूमावशी खालच्या मजल्यावर राहायला आली. मूळची मालवणची. पहिल्याच दिवशी आमचं दार वाजवलं. आतून आईचं नेहमीचं, "कोण?"

"चोर इलो हा गो, चाय ठेव!"

आई हसली, म्हणून दार उघडलं गेलं. मावशीने आत येताना आपली चप्पल दाराच्या फटीत अडकवली. "ऱ्हवांदे दार उघडा. माणसा दिसतत." पुढे रोज तेच.

गंमत म्हणजे आमच्यात खरी लुटली गेली होती ती मावशीच. चाळीच्या तोंडाशीच तिची चेन खेचली होती. "भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली मगे! पण बोंब मारलंय तर अख्खी चाळ धावली. एक तर टॉवेलावर! चेन गेली ती गेली... हयसर तुझ्या आवशीन बोंब मारली तर कोण येतला रे?"

इमारतीतल्या चोऱ्या मी मोजल्या होत्या, आईच्या हाकेला इथे कोण धावेल हे मोजलं नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या एकाही शेजाऱ्याचं नाव आईला ठाऊक नव्हतं. मावशीच्या सोबतीने ती हळूहळू भाजीला जाऊ लागली, देवळात जाऊ लागली.

मावशी गेल्यावर दार पुन्हा बंद झालं. किल्ली असूनही परवा मी दार वाजवलं.

"कोण?"

"चोर... चहा टाक."

मग एकेक कडी निघाली. "तिच्यासारखं ओरडताही येत नाही तुला," आई डोळे पुसत म्हणाली.

काल घरी आलो, तर दार उघडं. फटीत आईची चप्पल. आई समोरच्या बंद दारापुढे अनवाणी उभी होती. आतून कुणीतरी घाबरत विचारलं, "कोण?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.